ऑस्टिओक्लास्ट कशापासून घडवाल: रॉ पेशी की मज्जा?

ऑस्टिओक्लास्टवर, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशींवर, काम सुरू करताना पहिला प्रश्न हाच पडतो. रॉ २६४.७ ही उंदराच्या मॅक्रोफेजची (भक्षक पेशींची) आयती पेशीमालिका घ्यावी, की उंदराच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या मॅक्रोफेजपासून सुरुवात करावी? मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत.

रॉची सोय खरीच मोठी आहे. नळी गोठणातून काढायची, पेशी वाढवायच्या, रँकल (पेशींना ऑस्टिओक्लास्ट बनायला लावणारं प्रथिन) घालायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पेशी एकमेकींत मिसळून झालेल्या बहुकेंद्रकी पेशी, म्हणजेच ऑस्टिओक्लास्ट, दिसू लागतात. एम-सीएसएफ (मॅक्रोफेजना जगवणारं, वाढवणारं प्रथिन) वेगळं द्यावं लागत नाही, दर वेळी उंदीरही लागत नाहीत. एखादं जनुक बंद करून पाहायचं असेल किंवा बऱ्याच संयुगांची पहिली चाळणी करायची असेल, तर मीही आधी रॉच घेईन.

मज्जेला हात जास्त चालवावा लागतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं कापायची, सिरिंजने मीडियम आत सोडायचं, लाल मज्जा बाहेर पडून हाड पांढरंफटक होईपर्यंत. मग साधारण तीन दिवस नुसतं एम-सीएसएफ, त्यानंतर त्याच्या जोडीला रँकल. उंदरागणिक थोडा फरक पडतो, पेशीही मोजक्याच मिळतात.

तरी माझं मन मज्जेकडे वळलं ते पॅसेजमुळे, म्हणजे पेशी एका डिशमधून दुसरीत नेऊन पुन्हा पुन्हा वाढवण्यामुळे. रॉ पेशी जितक्या वेळा पुढे वाढवाव्यात, तितकी त्यांची एकमेकींत मिसळण्याची क्षमता घटत जाते, आणि वरून काहीच कळत नाही. त्या तशाच वाढतात, तशाच दिसतात. एका महिन्यात माझ्या डिशमध्ये वीस-वीस केंद्रकांच्या पेशी होत्या. पुढच्या महिन्यात त्याच रँकलवर दोन-तीन केंद्रकांपुढे गाडी जाईना. मी रँकल बदललं, सीरम बदललं, पेशींची घनता कमी-जास्त केली. तीन आठवडे गेले. शेवटी कमी पॅसेजची जुनी नळी उघडली आणि पाचव्या दिवशी ट्रॅप स्टेनमध्ये (ऑस्टिओक्लास्टमधलं एक एन्झाइम रंगवून दाखवणाऱ्या पद्धतीत) जांभळट-लाल, पसरलेल्या पेशी पुन्हा दिसल्या. दोष पेशींचाच होता. त्यानंतर रॉमध्ये एखाद्या औषधाने ऑस्टिओक्लास्ट कमी झाले, तरी ते औषधामुळे की पॅसेजमुळे, ही शंका मनातून जात नाही. मज्जा दर वेळी ताजी असते, त्यामुळे निदान ही शंका उरत नाही.

दुसरी गोष्ट हाडाच्या चकतीवरची. प्लास्टिकवर ॲक्टिन या प्रथिनाचा पट्टा पेशीच्या कडेने फिरतो. हाडावर तोच आक्रसून घट्ट कडं होतो. त्या कड्याने बंद केलेल्या जागेत पेशी आम्ल सोडते, खनिज विरघळतं आणि उघडं पडलेलं कोलाजन कॅथेप्सिन के हे एन्झाइम तोडतं. यातून हाडात पडलेले खड्डे टोल्युडिन ब्लूने रंगवून पाहायचे असतात. पण रॉमध्ये न बदललेल्या पेशी वाढतच राहतात आणि चकती झाकून टाकतात. त्या घासून काढेपर्यंत खाली काय झालंय याचा पत्ता लागत नाही. मज्जेच्या पेशींत ही गर्दी मला फारच कमी जाणवली.

शिवाय प्रश्न एम-सीएसएफचा असेल, तर स्वतःच ते बनवणाऱ्या रॉला तो विचारणं अवघड. ज्या उंदरांत एम-सीएसएफचं जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्यात ऑस्टिओक्लास्ट फारच थोडे बनतात आणि मज्जेची पोकळी हाडानेच भरून जाते. इतका महत्त्वाचा हा टप्पा, आणि तो मज्जेत तुमच्या हाती राहतो.

चांगला क्लोन मिळाला आणि पॅसेजची नोंद काटेकोर ठेवली, तर रॉनेही उत्तम काम झालेलं मी पाहिलंय. तुमच्याकडे प्राणिगृह नसेल तर तोच मार्ग, आणि त्यात कमीपणा नाही. पण खड्डे मोजायचे असतील आणि उंदीर मिळत असतील, तर मज्जेपासूनच सुरुवात करा. दोन्हींतही चौथ्या दिवसानंतर सकाळ-संध्याकाळ डिश पाहत जा. पूर्ण वाढलेल्या पेशी एका रात्रीत गळून पडतात.