ब्रेकच्या कामानंतर दिवा लागला : जुना मिस्त्री, अधिकृत वर्कशॉप की स्वतःचा स्कॅनर?

ब्रेकचे पॅड किंवा लाइनर बदलून गाडी घरी आणली आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझेना, तर सोलापुरातील गाडीमालकापुढे तीन वाटा असतात : ज्याने काम केले त्याच मिस्त्रीकडे परत जाणे, अधिकृत वर्कशॉप गाठणे किंवा स्वस्तातला स्कॅनर (गाडीत नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) घेऊन स्वतःच तपासणे. माझ्या मते हा निर्णय खर्चावर नव्हे, तर दिव्याचा रंग आणि झालेले काम पाहून घ्यावा.

दिवा लाल असेल, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का आणि ब्रेक ऑइल टाकीवरील दोन खुणांच्या दरम्यान आहे का, हे पाहावे. दोन्ही ठीक असूनही दिवा राहिला किंवा पेडल मऊ लागले, तर गाडी चालवत कुठेही नेऊ नये. मिस्त्रीलाच घरी बोलवावे. लाल दिव्यासोबत एबीएसचाही, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचाही, दिवा लागला असेल, तर मागच्या चाकांवरील ब्रेकचा दाब आवरणारी ईबीडी यंत्रणा बहुधा बंद पडलेली असते, आणि जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी अडकून गाडी फिरू शकते. अशा गाडीने तुळजापूरचा घाट चढण्याउतरण्याचा विचारही करू नये.

फक्त एबीएसचा पिवळा दिवा असेल, तर साधा ब्रेक सहसा चालू असतो, केवळ चाके अडकू न देणारी सोय बंद असते. इथे जुन्या मिस्त्रीचे पारडे जड आहे, कारण दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच सापडतो : कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) लोंबकळत ठेवल्याने ताणलेली, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर, अर्धवट बसलेला कपलर (वायरींचा जोड), सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा, किंवा बेअरिंग बदलले असल्यास उलट्या बाजूने बसवलेली, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती चुंबकीय कडी. बेअरिंग सोडल्यास हे सारे चाक काढून तपासता येते. परंतु एबीएस वाचणारा स्कॅनर त्याच्याकडे नसेल, तर चारांपैकी कोणते चाक दोषी हे त्याला अंदाजाने ठरवावे लागते, आणि अंदाजाने घातलेल्या नव्या सेन्सरचे पैसे मात्र आपल्याला मोजावे लागतात.

अधिकृत वर्कशॉपचा खरा फायदा नेमका इथे आहे. गाडी चालवताना स्कॅनरवर चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो. तीन चाके ताशी 20 किमी दाखवत असताना चौथे शून्यावर अडकले, की शोध त्याच चाकापुरता उरतो. शिवाय एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल, तर अनेक गाड्यांत स्कॅनरने आतील झडपा उघडझाप केल्याशिवाय ती निघत नाही. म्हणून ऑइलची टाकी कामात कोरडी पडली असेल, किंवा मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर खर्च आणि थांबणे जास्त असले तरी मी सरळ तिथेच जाईन.

स्वतःच्या स्कॅनरची वाट मला सर्वात कमकुवत वाटते. स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. एबीएसचे, म्हणजे सामान्यतः सी अक्षराने सुरू होणारे कोड त्यांतील अनेकांना दिसत नाहीत. आपल्या मॉडेलचे एबीएस वाचता येते का, हे दुकानदाराला गाडीला जोडून दाखवायला सांगावे. कोड पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवावा. दोष कायम असल्यास दिवा पुन्हा लागतो, आणि दोष गेला असल्यास काही गाड्यांत थोडे अंतर चालवल्यावरच तो विझतो.