व्हेरोना १९८४-८५ची रेट्रो जर्सी: जरूर घ्या, पण पाठीवर नाव छापू नका

हेल्लास व्हेरोना या इटालियन फुटबॉल क्लबची ही निळी जर्सी इटलीतल्या एका ऑनलाइन दुकानातून मागवली. कस्टम ड्युटी धरून साडेसात हजारांच्या आसपास पडली. पैसे वसूल आहेत.

कापड सुती मिश्रणाचं, जाडसर, हल्लीच्या जर्सीसारखं सुळसुळीत नाही. निळा गडद, पिवळा झणझणीत. छातीवरच्या 'कॅनन' या प्रायोजकाच्या अक्षरांना मखमलीसारखा पोत आहे, बोट फिरवलं की उठाव जाणवतो. पाठीवरचा ११ नंबर मात्र पातळ निघाला, दोन धुण्यांत त्याची खालची कड उचलायला लागली. जर्सी उलटी करून थंड पाण्यात हातानेच धुवा आणि नंबरावर इस्त्री अजिबात फिरवू नका.

११ नंबर म्हणजे व्हेरोनाचा डॅनिश स्ट्रायकर प्रेबेन एल्क्येर. १४ ऑक्टोबर १९८४, समोर युव्हेंटस. डावीकडून गडी सुसाट सुटला, युव्हेंटसच्या स्टेफानो पिओलीच्या टॅकलमध्ये उजव्या पायातला बूटच निघाला. एल्क्येर थांबला नाही. आत वळला आणि नुसत्या मोज्यातल्या पायाने गोल ठोकला. सामना २-०. (हाच पिओली २०२२ मध्ये कोच म्हणून मिलानला विजेतेपद मिळवून देतो.)

आता ऑर्डरचं. जादा पैसे घेऊन पाठीवर नाव छापून देतात, ते घेऊ नका. तेव्हा सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, पाठीवर फक्त नंबर असत, नावं आली १९९५-९६ पासून. दुसऱ्या एका साइटवर याच जर्सीवर इटलीच्या झेंड्याच्या रंगांची तिरंगी ढाल शिवून विकतात, तीही टाळा. ढाल लीग विजेत्यांना पुढच्या मोसमात मिळते. एल्क्येरचा बूट निघाला त्या दिवशी ती युव्हेंटसच्या छातीवर होती, व्हेरोनाची छाती ढालीविना कोरी होती. ती तशीच कोरी हवी, या जर्सीची सगळी शान त्यातच आहे.

कारण तो काळ आठवा, बडे तारे इटलीत खेळत होते: नापोलीत मॅराडोना, युव्हेंटसमध्ये प्लातिनी, उदिनेसेत झिको, फिओरेंतिनात सॉक्रेटिस, इंटरमध्ये रुमेनिगे. आणि लीग जिंकली कोणी? कोच ओस्वाल्दो बान्योलींच्या व्हेरोनाने, तेही फान्ना आणि गाल्देरिसी या युव्हेंटसमधून आलेल्या खेळाडूंना हाताशी धरून. ३० सामन्यांत फक्त २ पराभव, ४३ गुण, दुसरा तोरिनो ३९ वर. १२ मे १९८५ रोजी बेर्गामोत अटलांटाशी १-१ बरोबरी झाली आणि एक सामना बाकी असतानाच विजेतेपद हातात आलं. त्या मोसमात रेफरी चिठ्ठ्या टाकून नेमले जात, त्यामुळे बड्या क्लबांना सोयीचे रेफरी मिळाले नाहीत आणि म्हणून व्हेरोना जिंकली, असं अजून बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. ३० सामन्यांत १९ गोल खाणारा संघ चिठ्ठ्यांच्या जोरावर उभा राहत नाही. गोलात गारेल्ला आणि बचावात कर्णधार त्रिचेल्ला होते म्हणून तो उभा राहिला.

जर्सी अंगाला घट्ट बसते, एक साइज मोठी घ्या. ११ संपला असेल तर ६ घ्या. तो ब्रीगेलचा. तरुणपणी डेकॅथलॉन खेळलेला हा जर्मन गडी पहिल्याच सामन्यात मॅराडोनाला चिकटून राहिला, वर स्वतः गोलही केला. व्हेरोना ३, नापोली १.