बाल्साचा मोटर ग्लायडर: पावसाळ्यात बांधला, उन्हाळाभर उडवला

निकाल आधीच सांगतो. या ग्लायडरच्या किटमधलं लाकूड (बाल्सा हे वजनाला अगदी हलकं लाकूड) आणि त्याचं कटिंग पैसे वसूल करणारं आहे, सोबत विकला जाणारा मोटरचा संच मात्र घेऊ नका. ग्लायडर रेडिओ कंट्रोलचा आहे, पंखांची लांबी दोन मीटर, बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची उभी पट्टी) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) एवढेच कंट्रोल. एलेरॉन (पंखांवरच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, म्हणून पंखांना डायहेड्रल (टोकांकडे वर जाणारा कोन) भरपूर दिलंय आणि वळताना तो स्वतःच सावरतो.

रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, लेझरने कापलेल्या आहेत आणि खाचांमध्ये चपखल बसतात. कडा जळून काळ्या झालेल्या असतात, त्या २४० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने पुसून घ्या, नाहीतर पांढरा ग्लू नीट धरत नाही. टाचण्या, पियानो वायर, सँडपेपर हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत मिळालं. बांधणीसाठी सपाट फ्लश डोअरवर सॉफ्टबोर्ड टाकला, त्यावर प्लॅन आणि प्लॅनवर प्लास्टिक. सीए ग्लू (सायनोअॅक्रिलेट, झटपट चिकटणारा गोंद) हवेतल्या ओलाव्यानेच पकडतो, त्यामुळे पुण्यातल्या जुलैत तो झटकन बसतो आणि जोड हलवायला वेळ देत नाही. जिथे मापं जुळवायची असतात तिथे पांढरा ग्लू वापरावा. आणि खिडकी उघडी हवीच, सीएचा धूर डोळ्यांना फार झोंबतो.

पंखाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळा ग्लायडर तिथेच आहे. स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी; वरचा आणि खालचा स्पार पाइनचा आहे. दोन्हींच्या मध्ये बाल्साचे उभे तुकडे, म्हणजे वेब, लावायचे असतात. सूचनापत्रकात त्यांचं चित्र आहे, पण लाकडाचे रेषे उभे ठेवायचे हे कुठेच लिहिलेलं नाही. पंखावर भार आला की वरचा स्पार दाबला जातो आणि वाकू पाहतो. उभ्या रेषांचा वेब दोन्ही स्पारमधलं अंतर टिकवून त्याला वाकू देत नाही. आडव्या रेषांचा वेब त्या दाबाखाली सहज चेपतो. निदान मधल्या अर्ध्या भागात तरी वेब एकही न गाळता लावा.

दुसरी गोष्ट वॉशआउट. पंखाच्या टोकाची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली असली की वेग कमी झाल्यावर टोक आधी स्टॉल होत नाही (म्हणजे त्याची उचल आधी संपत नाही) आणि ग्लायडर एका बाजूला कोसळत नाही. पंखावर चढवायची प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने ताणताना पंखाला हलका पीळ देऊन धरला की तो पीळ कायम राहतो. दोन्ही बाजूंना सारखाच हवा. हे काम घाईने करू नका, हवं तर त्या दिवशी बाकी काही करूच नका.

शेपटीचं लाकूड मात्र मी बदललं. मैदानावर येणारे एक काका, ज्यांनी तरुणपणी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर उडवलाय, मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "अरे, शेपूट तोलून घे आधी." नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की पुढे जवळपास तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. किटमधली शीट कडक आणि जड होती. दुकानात वजनकाटा घेऊन बसलो आणि त्याच जाडीची हलकी शीट निवडली. शेवटी सीजी (गुरुत्वमध्य) कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या रुंदीच्या, पुढून एक तृतीयांशावर आणायला शिसं लागलंच नाही, बॅटरी थोडी पुढे सरकवून भागलं.

आता मोटरचा संच. शाफ्ट किंचित वाकडा आला, थरथर इतकी की सर्व्होचे (रडर-एलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटर्सचे) स्क्रू सैल व्हायचे. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक बंद होता आणि पत्रकात त्याचा उल्लेखच नाही. ब्रेक चालू नसेल तर मोटर बंद केल्यावर प्रॉप (मोटरचा पंखा) वाऱ्याने फिरतच राहतो, त्याच्या पात्यांची घडी होत नाही आणि तरंगणं संपतं. वेगळी १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला साधारण १००० फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी आणि १० बाय ६ इंचांचा घडीचा प्रॉप घेतला. कनेक्टर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. मोटर अर्धा मिनिटसुद्धा चालवावी लागत नाही, तेवढ्यात तो हवी ती उंची गाठतो.

उंचीची मर्यादा पाळा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात (जिथे उडवायला परवानगी लागत नाही) ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ असल्याने डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा पाहिल्याशिवाय शहरात कुठेही उडवू नका. आम्ही सासवडच्या पलीकडे माळावर जातो. मार्च-एप्रिलमध्ये अकरानंतर तिथे थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे झोत, सुटतात आणि घारी कुठे घिरट्या घालताहेत ते पाहून ग्लायडर त्या बाजूला नेला की मोटर बंद असूनही तो चढत राहतो. हा अनुभव फोमच्या तयार विमानात मला कधीच आला नाही.

उतरताना मात्र जागा मोठी लागते, जमिनीलगत तो तरंगतच राहतो. किट मागवताना स्पॉयलरचा (पंखावर उघडून उचल कमी करणाऱ्या झडपांचा) पर्याय विचारा. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलात तर फिल्म ढिली पडते, इस्त्री फिरवून ती परत ताणता येते, पण त्यानंतर दोन्ही टोकांचा वॉशआउट मोजल्याशिवाय उडवू नका.