अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र: गावची खबर धाडायला कसं आहे?

टपाल खात्याचं निळं अंतर्देशीय पत्र अजून मिळतं आणि त्याची किंमत २ रुपये ५० पैसे आहे. तिकीट त्यावर छापलेलंच असतं, वेगळं पाकीट लागत नाही. ५० पैशांचं पोस्टकार्ड त्याहून स्वस्त, पण त्यावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो. कोणाच्या बांधाचा वाद कुठवर आला, हे उघड्या कार्डावर लिहायची गोष्ट नाही. साधं पाकीट २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जातं. दूर राहणाऱ्या मित्राला महिन्या-दोन महिन्यांनी गावचा हालहवाल कळवायचा असेल, तर या तिन्हींत अंतर्देशीयच सगळ्यात सोयीचं आहे.

खरेदी करताना दोन, चार किंवा दहा घ्यावीत. एकच मागितलं की पन्नास पैशांच्या सुट्ट्यांवर गाडी अडते. दोन घेतली की सरळ ५ रुपये होतात. गावच्या शाखा डाकघरात साठा कधी कधी संपलेला असतो, म्हणून तालुक्याला गेल्यावर दहाचा गठ्ठा आणून ठेवलेला बरा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने डिंक ओला होऊन कोरी पत्रं एकमेकांना चिकटतात. मधे कोरा कागद घालून झाकणाच्या डब्यात ठेवली की टिकतात.

कागद पातळ आहे, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. शाईचं पेन किंवा जेल पेन वापरलं तर अक्षर मागे उमटतं, ओल लागली की फुटतं. साधं बॉलपेनच घ्यावं. डिंकाच्या पट्ट्या दोन बाजूंना आणि खाली असतात. वाचणारा तिथेच फाडून किंवा कापून पत्र उघडतो, म्हणून कडेला बोटभर जागा सोडावी, नाहीतर ओळींची शेवटची अक्षरं फाटून जातात. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहावाच. पत्र पोचलं नाही, तर परत येण्याचा तोच एक मार्ग.

डिंक कमजोर निघाला तर बोटाने पातळ फेव्हिकॉल लावावा. स्टेपलर नको, पिन वर्गवारी करणाऱ्याच्या हाताला लागते. आत फोटो, अंगाऱ्याची पुडी, लग्नपत्रिका असं काहीही घालायचं नाही, तशी सूचना पत्रावरच छापलेली असते. आत काही सापडलं तर जास्तीचा आकार घेणाऱ्याच्या माथी बसू शकतो. फोटो पाठवायचा असेल तर पाकीटच घ्यावं.

लिहायला जागा किती? बारीक अक्षरात अडीचशे-तीनशे शब्द. गावच्या खबरीला एवढी पुरते, पण आधी ठरवून बसावं लागतं. दूरच्या माणसाला ‘पाऊस बरा झाला’ या वाक्यातून काही कळत नाही. मृगात पेरणी झाली की आर्द्रापर्यंत थांबावं लागलं, दुबार पेरणी कोणाकोणाची झाली, ओढा कधी वाहू लागला, विहिरीला किती परस पाणी आहे, हे लिहिलं की त्याला आपलं शिवार डोळ्यांपुढे दिसतं. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत काय ठरलं, सप्त्याला कीर्तनकार कोण होते, डेअरीवर फॅटला काय भाव मिळतोय, मुक्कामाची एसटी चालू आहे की बंद, हे सगळं या पत्रात शोभतं. कोणी गेल्याची किंवा साखरपुड्याची तारीख मात्र फोनवरच कळवावी. राज्याच्या आतसुद्धा पोचायला आठवडा धरून चालावं, आणि साध्या टपालाला पावती नसते, मागही काढता येत नाही.

पत्र हरवण्याचं मोठं कारण म्हणजे अपुरा पत्ता. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या डाकघराचे. पण शाखा डाकघराला स्वतःचा वेगळा पिन नसतो, वरच्या उपडाकघराचाच चालतो. एका पिनखाली कितीतरी गावं येतात. म्हणून गावात डाकघर नसेल तर ‘मु.’ पुढे गाव आणि ‘पो.’ पुढे डाकघराचं गाव, असं वेगवेगळं लिहावं. तालुका तर हवाच, कारण वडगाव आणि पिंपळगाव एक-दोन नाहीत. राज्याबाहेर पत्र जाणार असेल तर शहर आणि राज्य इंग्रजी किंवा हिंदीतही लिहावं, पिनचे आकडे इंग्रजी अंकांत.

मित्र फौजेत असेल तर त्याचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि पुढे ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा ‘द्वारा ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्करी डाकघर), त्याने कळवलं असेल तसंच. लष्करी टपालाचा पिन ९ने सुरू होतो. मित्र कुठल्या ठिकाणी आहे, ते माहीत असलं तरी लिहायचं नाही.

लाल पेटीवर टपाल काढण्याची वेळ लिहिलेली असते. पाटी गंजलेली किंवा कोरी दिसली तर पत्र सरळ डाकघरात किंवा ग्रामीण डाक सेवकाच्या हातात द्यावं. आखातात, अमेरिकेत अंतर्देशीय चालत नाही. तिथे पाकीट घेऊन खिडकीवर वजन करून तिकीट लावावं. देशातल्या मित्रासाठी मात्र अडीच रुपयांत याहून चांगलं साधन नाही, घेऊन ठेवा.