सगळं पुसावं की एकच कुकी? अडलेल्या ब्राउझरवरचे उपाय शेजारी-शेजारी ठेवून

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या गल्लीत कुणाचा ब्राउझर अडला की निरोप माझ्याकडे येतो. तोवर कुठल्या ना कुठल्या हेल्पलाइनला फोन झालेला असतो आणि तिथून ठरलेला सल्ला मिळालेला असतो : "बधुं क्लिअर करी नाखो." सगळं पुसून टाका. माणूस इमानदारीत पुसतो, मेलपासून वीजबिलापर्यंत सगळीकडून बाहेर फेकला जातो, आणि मूळ तक्रार बऱ्याचदा जिथल्या तिथे असते.

म्हणून नेहमीचे उपाय इथे शेजारी-शेजारी मांडतोय. माझी कसोटी एकच : उपाय चुकीचा निघाला तर मागे फिरता येतं का? वेळ मी दुय्यम धरतो. यातला कुठलाच उपाय दहा-पंधरा मिनिटांहून जास्त खात नाही, पण पुसलेले पासवर्ड आठवण्यात अख्खा रविवार जातो.

आधी कुकीबद्दल दोन वाक्यं. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, तसलाच हा प्रकार. वेबला स्वतःची आठवण नाही, दर पानाला तुम्ही साइटला नवखेच. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली : साइट बिल्ला देते आणि ब्राउझर दर वेळी तो दाखवतो. लॉगिन टिकतं ते या बिल्ल्यावर. तो शिळा झाला किंवा साइटने मध्येच नियम बदलले की पासवर्ड बरोबर असूनही पान फिरून लॉगिनवरच येतं, नाहीतर क्रोम 'टू मेनी रीडायरेक्ट्स' म्हणत हात वर करतो.

पुसण्याआधी खासगी खिडकी

क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. हट्ट करणारी साइट त्या खिडकीत उघडा. याने रोग बरा होत नाही, नुसती नाडी कळते. पण काहीही पुसलं जात नाही, म्हणून माझा पहिला नंबर याला.

मात्र नाडी वाचता आली पाहिजे, आणि नेमकं इथेच लोक चुकतात. क्रोमच्या खासगी खिडकीत एकदम तीन गोष्टी बदलतात. जुन्या कुकीज नसतात. तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं, बंद असतात. आणि थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या साइटच्या कुकीज, आपोआप अडवल्या जातात. तेव्हा साइट तिथे नीट चालली तर संशय पहिल्या दोघांवर : शिळी कुकी किंवा एखादं एक्स्टेन्शन, बहुतेक वेळा जाहिराती अडवणारं. उलट साध्या खिडकीत चालतं आणि खासगीत नाही, असं झालं तर थर्ड-पार्टीचा मामला आहे, आणि कुकीज पुसून हाती काही लागणार नाही. दोन्हीकडे सारखंच बिघडलेलं असेल तर दोष साइटचा, नेटचा, नाहीतर कॉम्प्युटरच्या घड्याळाचा. घड्याळावर शेवटी येतो, कारण त्याने मला एकदा चांगलंच फिरवलंय.

एका साइटची कुकी की सगळ्यांच्या?

इथे मी सरळ बाजू घेतो. दहातल्या नऊ वेळा एकाच साइटची पुसा. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे पूर्वी कुलूप असायचं, २०२३ पासून तिथे दोन छोट्या सरकपट्ट्यांचं चिन्ह आहे. त्यावर क्लिक करून 'कुकीज अँड साइट डेटा' मध्ये जा, तिथे त्या साइटच्या नावासमोर कचऱ्याचा डबा दिसतो. फायरफॉक्समध्ये अजून कुलूपच आहे, त्यात 'क्लिअर कुकीज अँड साइट डेटा'. आयफोनवर थोडं आत शिरावं लागतं : सेटिंग्ज, (आयओएस १८ पासून मध्ये 'ॲप्स',) सफारी, ॲडव्हान्स्ड, वेबसाइट डेटा. नुकसान किती? त्या एका साइटवर पुन्हा लॉगिन. बस.

एक दुखणं तर असं आहे की त्यावर हेच अचूक औषध : '४०० बॅड रिक्वेस्ट' आणि खाली 'रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज'. एका कुकीला साधारण ४०९६ बाइट्सची मर्यादा असते, पण साइट एकावर एक कुकीज देत सुटली की त्यांची मोळी इतकी जड होते की तिचाच सर्व्हर ती घ्यायला नकार देतो. मोळी एका साइटची, राग मात्र लोक सगळ्या ब्राउझरवर काढतात.

सगळ्या कुकीज पुसायच्या (कंट्रोल-शिफ्ट-डिलीट) तर किंमत मोजून पुसा. सगळीकडे पुन्हा लॉगिन, त्यात ओटीपी, त्यात 'हे नवीन डिव्हाइस आहे का?' अशी चौकशी. नवरात्रीत गरब्याच्या पासांसाठी ऑनलाइन रांग लागते, तेव्हा अनेक ठिकाणी रांगेतला तुमचा नंबरही कुकीतच असतो. पान हललं नाही म्हणून घाबरून सगळं पुसलंत की रांगेच्या शेपटीला. शिवाय त्याच चौकटीत 'पासवर्ड' नावाची एक टिचकी असते. उत्साहात तीही मारली आणि सिंक, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटरवरचा ब्राउझरचा डेटा सारखा ठेवणारी सोय, चालू असेल, तर फोनवरचेही पासवर्ड जातात. हे परत आणण्याचं बटण नाही.

मग सगळं पुसणं योग्य कधी? कॉम्प्युटर विकताना, दुसऱ्याला देताना, किंवा सायबर कॅफेत लॉगिन केलं असेल तर तिथून उठताना. म्हणजे बिघाड दुरुस्त करताना जवळजवळ कधीच नाही.

रोज सकाळी उठून सगळीकडे नव्याने लॉगिन करावं लागत असेल तर आणखी काही पुसण्याआधी एक सेटिंग तपासा. खिडक्या बंद केल्या की साइट डेटा पुसायचा, अशी सोय क्रोममध्येही आहे आणि फायरफॉक्समध्येही. घरातल्या एखाद्या कॉलेजकुमाराने सुरक्षेच्या काळजीपोटी ती लावून दिलेली असते आणि नंतर स्वतःच विसरलेला असतो. आमच्याकडे तो माझा भाचा होता.

सुरक्षा ढिली करणं

दुसरा लोकप्रिय सल्ला : "थर्ड-पार्टी कुकीज चालू करा, पॉप-अप चालू करा, अँटिव्हायरस बंद करा." यातलं शेवटचं मी ऐकूनच घेत नाही. पहिल्या दोन्हींत थोडं तथ्य आहे.

फी किंवा बिल भरताना पैशाची चौकट पानाच्या आतच उघडली, तर ती चौकट दुसऱ्या साइटची असते आणि तिची कुकी ब्राउझरला परकी वाटते. सफारी २०२० पासून अशा परक्या कुकीज सरसकट अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवतो, म्हणजे चौकटीला कुकी मिळते, पण दुसऱ्या साइटवर तीच कुकी दिसत नाही. क्रोमने २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत परक्या कुकीज बंद. मग तारीख ढकलली, पुन्हा ढकलली, जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का लोकांवर प्रयोग केला आणि त्याच जुलैत बेत गुंडाळला. लग्नाची तारीख चार वेळा काढून अखेर स्थळच मोडावं, तसं. तेव्हा एकच साइट तिघांत तीन तऱ्हेने वागली तर लगेच साइटला बोल लावू नका.

यात निवड करायची तर अशी करा : दार सताड उघडू नका, एकाच पाहुण्यापुरतं उघडा. फायरफॉक्समध्ये पत्त्याशेजारच्या ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण काढता येतं. क्रोममध्ये थर्ड-पार्टी कुकीजच्या सेटिंगमध्ये परवानगीच्या साइट्सची यादी असते, तिथे पत्ता टाका. सफारीत ही सोय नाही. तिथे 'क्रॉस-साइट ट्रॅकिंग' एकतर सगळीकडे चालू, नाहीतर सगळीकडे बंद. त्यामुळे आयफोनवर पैसे अडकत असतील तर सफारीशी झटापट न करता ते काम कॉम्प्युटरवर उरका. सगळ्यांसाठी दार उघडलं की काम झाल्यावर ते लावायचं राहतं. माझं स्वतःचं महिनाभर राहिलं होतं.

एक बिघाड मात्र असा आहे की तिथे तुमची कुठलीच सेटिंग कामाची नाही. पैसे भरलेत, बँकेच्या पानावरून परत आलात, आणि मूळ साइट विचारते, आपण कोण? फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमने नियम आणला की साइटने स्पष्ट सांगितलं नसेल, तर दुसऱ्या साइटवरून फॉर्म पाठवून परत आणलेल्या माणसाची कुकी दाखवायची नाही. त्याचबरोबर सवलतही ठेवली : कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर चालेल. आता विचार करा. भाचा पटापट ओटीपी टाकून दीड मिनिटात परत येतो, त्याचं काम होतं. मी चष्मा शोधतो, मग फोन शोधतो, चार मिनिटांनी परततो आणि साइट मला ओळखत नाही. "मामा, तुझ्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी आहे," असं तो वर ऐकवतो. दोष ना माझा ना कॉम्प्युटरचा, साइटवाल्यांनी कुकीवर योग्य खूण लिहिलेली नाही. अशा वेळी पैसे पुन्हा भरू नका. खात्यातून रक्कम गेली का ते पाहा, व्यवहाराचा क्रमांक जपा आणि साइटवाल्यांना कळवा.

रीसेट की नवं प्रोफाइल

हे थोडक्यात. क्रोमचं रीसेट एक्स्टेन्शन्स बंद करतं आणि कुकीज पुसतं, बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं. फायरफॉक्सचं 'रिफ्रेश' एक्स्टेन्शन्स काढून टाकतं, पण कुकीज ठेवतं, आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये काढून देतं. तरीही माझं मत नव्या प्रोफाइलला. क्रोममध्ये वरच्या गोल चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल काढा, कोरी पाटी मिळते आणि जुनी पाटी जशीच्या तशी राहते. अडून बसणाऱ्या सरकारी आणि बँकेच्या कामांसाठी मी एक वेगळं प्रोफाइलच ठेवलंय, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही. निम्म्या तक्रारी तिथेच मिटल्या.

दुसरा ब्राउझर टाकणं हेही याच जातीचं. एकाच साइटसाठी असेल तर खुशाल. पण कॉम्प्युटर विंडोज ७ वर असेल तर ब्राउझर बदलून फारसं काही हाती लागत नाही : त्यावर क्रोम १०९ व्या आवृत्तीवरच थांबला, आणि तीही जानेवारी २०२३ ची.

आणि घड्याळ

शेजारच्या काकूंचा फोन आला होता. "अरे, बँकेचं पान धोका-धोका म्हणतंय. पुढे जाऊच देत नाही. तो मुलगा येऊन सगळं पुसून गेला, तरी तेच."

मी दुपारभर त्यांच्याकडे बसलो. खासगी खिडकी, तेच. दुसरा ब्राउझर, तेच. एक्स्टेन्शन एकही नव्हतं. काकूंचा दोनदा चहा करून झाला. शेवटी म्हटलं, "काकू, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

चष्मा सरसावून त्या पडद्याशी वाकल्या. "एक जानेवारी... दोन हजार अकरा. अगंबाई, हे कधी झालं?"

प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटर २०११ मध्ये वावरत असेल तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि बँकेसारख्या साइट्सवर ब्राउझर 'तरीही पुढे जा' ही पळवाटही ठेवत नाही. कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती संपली आणि मागचं बटण बंद केलं की घड्याळ मूळपदावर. काकू वीज वाचवायला रोज रात्री ते बटण बंद करतात.

रावपुऱ्यातून बॅटरी आणली, सेव-उसळीच्या एका प्लेटहून स्वस्त पडली. बसवली, तारीख लावली, बँकेचं पान पहिल्या झटक्यात उघडलं. त्या मुलाने कुकीजबरोबर पासवर्डचीही टिचकी मारली होती. त्यातले दोन काकूंच्या डायरीत निघाले, तिसरा अजून सापडलेला नाही.