सात आसनी डिझेल एसयूव्ही : रिकामी चालवताना आणि भरून चालवताना

मोठी सात आसनी गाडी घ्यायची असेल तर ती रिकामी चालवून निर्णय घेऊ नका. लॅडर फ्रेमवरची, म्हणजे खाली वेगळा पोलादी सांगाडा असलेली डिझेल एसयूव्ही काही महिने वापरल्यावर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. टेस्ट ड्राइव्हला गाडीत आपण असतो, शेजारी सेल्समन असतो, मागे फार तर घरचं एखादं माणूस. पण ही गाडी आपण घेतो ती सहा-सात माणसं आणि त्यांच्या बॅगांसाठी. तीन-चारशे किलो वजन वाढलं की तिचं वागणं बदलतं. काही बाबतीत ती सुधारते, काही बाबतीत जड जाते.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. एक मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली गाडी. दुसरी लॅडर फ्रेमची, म्हणजे खाली शिडीसारखी पोलादी चेसिस आणि तिच्यावर रबरी बुशवर बसवलेली बॉडी. मोनोकॉक एसयूव्ही आजची नाही. जीप चेरोकी 1984 मध्ये तशीच आली, आणि 1994 च्या टोयोटा रॅव्ह4 पासून कारच्या सुट्या भागांवर बेतलेल्या एसयूव्हींचं पीक आलं. शहरात आणि चांगल्या हमरस्त्यावर जास्त फिरणं असेल तर मोनोकॉकच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती हलकी असते, वळणावर कमी झुकते, इंधनही कमी पिते. माझा वापर खराब रस्त्यांवर, भरलेल्या गाडीने आणि वरचेवर ट्रेलर ओढण्याचा, म्हणून मी लॅडर फ्रेम निवडली.

माहितीपत्रकात पहिल्यांदा बघायचा आकडा म्हणजे गाडी किती वजन वाहू शकते तो. बरेचदा तो थेट छापलेला नसतो. कमाल परवानगीच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं. समजा उत्तर 550 किलो आलं. सात जण सरासरी 70 किलोंचे धरले तर माणसांचेच 490 झाले. सामानाला उरले 60 किलो. टपावरचं कॅरिअर आणि त्यावरचं सामानही याच हिशेबात येतं. शिवाय टपाची स्वतःची मर्यादा वेगळी असते आणि ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते. हा हिशेब केल्यावर सनरूफ असलेलं वरचं मॉडेल मी सोडलं. काच आणि तिची यंत्रणा यांचं वजनही शेवटी सामानाच्याच वाट्यातून जातं.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसून बघा, आणि नुसतं बसू नका, अर्धा तास गाडी फिरवायला सांगा. लॅडर फ्रेमच्या गाडीत चेसिसमुळे मागची फरशी उंच असते, त्यामुळे सीटवर बसलं की गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. आमच्याकडे मागे मुलं बसतात, त्यांचं निभतं. मोठ्या माणसाने तासाभरापेक्षा जास्त तिथे बसू नये. डोक्याच्या मागे काच किती जवळ येते आणि बाजूच्या एअरबॅगचा पडदा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो का, हेही तेव्हाच बघून घ्या. आईला चढता-उतरता यावं म्हणून मी दाराजवळची पकडायची हँडलं आणि पायरी यांना गुण दिले होते. पायरी अरुंद निघाली, तरी तिच्याशिवाय चाललं नसतं.

आता चालवण्याबद्दल. रिकामी असताना गाडी खड्ड्यांवर उसळते, विशेषतः मागून. पहिले काही दिवस घरात सगळ्यांची हीच तक्रार होती. कारण सरळ आहे: पूर्ण भार पेलायचा तर स्प्रिंगा कडक लागतात, आणि कडक स्प्रिंगांना दोन माणसांचं वजन जाणवतही नाही. सहा जण बसले की हीच गाडी रस्त्याला धरून, शांत चालते. खराब रस्त्यावर भरलेल्या गाडीत मागच्या माणसाला डुलकी लागते, इतकी ती बसते.

ब्रेकचं मात्र उलट आहे आणि सवय लावून घ्यायची ती इथेच. वेग 80 चा 100 झाला तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात वजन वाढलेलं. पूर्वीच्या छोट्या गाडीत जिथे ब्रेकवर पाय जायचा, त्याच्या कितीतरी आधी आता मी ॲक्सिलरेटर सोडतो. घाटाच्या उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरू देतो. ब्रेक सतत दाबून ठेवले तर ते तापतात आणि पकड कमी होत जाते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो, टपावर सामान ठेवलं की आणखी वर जातो; म्हणून वळणाआधी वेग उतरवायचा, वळणात नाही. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नसलेली उंच गाडी मी कितीही स्वस्त मिळाली तरी घेणार नाही.

चाकातल्या हवेकडे माझं लक्ष या गाडीने वेधलं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर कमी भाराची आणि पूर्ण भाराची हवा वेगवेगळी दिलेली असते. मागच्या चाकांत फरक चांगलाच असतो. लांब निघायच्या आधी, टायर थंड असताना, मी हवा वाढवतो आणि परत आल्यावर उतरवतो. तसंच हेडलाइटचं. मागे वजन आलं की गाडीचं नाक वर होतं आणि आपला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचं छोटं चाक असतं, ते फिरवलं की झोत खाली येतो. किती जण ते फिरवतात कोण जाणे!

पार्किंगला वेळ लागला. लांब व्हीलबेसमुळे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या जास्त अंतरामुळे, मागचं चाक वळताना आत कापतं, त्यामुळे कोपऱ्यावर गाडी थोडी पुढे नेऊनच स्टिअरिंग फिरवावं लागतं. मागे कॅमेरा आहे, पण मला जास्त काळजी पुढच्या उंच बॉनेटची वाटते. त्याच्या लगेच पुढे उभं असलेलं लहान मूल सीटवरून अजिबात दिसत नाही. मुलं आसपास असतील तर मी आधी खाली उतरून बघतो, मगच गाडी हलवतो.

डिझेल घेणाऱ्यांसाठी एक सूचना. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर ती जाळून स्वच्छ होतो, त्यासाठी धुराचं तापमान साधारण 600 अंशांपर्यंत जावं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरलात तर ते होत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. उभी गाडी नेहमीपेक्षा जास्त आरपीएमवर गुरगुरत असेल, पंखा जोरात चालू असेल, तर इंजिन लगेच बंद करू नका. शक्य असेल तर मोकळ्या रस्त्यावर थोडी पळवा. रोजचं फिरणं फक्त जवळचं असेल तर पेट्रोल किंवा हायब्रिड बघा.

फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा, उपयोग मला चिखल आणि वाळूत झाला, एरवी नाही. पार्ट-टाइम प्रकारात, म्हणजे गरजेपुरतं चालू करायच्या फोर बाय फोरमध्ये, पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात, वळताना चाकांना मात्र वेगवेगळं अंतर कापायचं असतं. कोरड्या डांबरावर ते चालू ठेवलं तर ताण गिअरांवर येतो, म्हणून घट्ट रस्ता लागला की परत टू-व्हील. आणि टायर बदलायची वेळ आली तर नुसती साइझ बघून स्वस्तातले घेऊ नका. बाजूवर साइझनंतर भाराचा निर्देशांक छापलेला असतो: 100 म्हणजे एका टायरला 800 किलो, 104 म्हणजे 900. कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर अशा गाडीला कधीही लावू नये.