कॉलेज स्कोरकार्ड: इंटरनॅशनल रिलेशन्सच्या एमएसाठी कर्ज काढताना हे संकेतस्थळ कितपत कामाचं?

अमेरिकेत इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये एमए करायला निघालेल्यांना पगाराचे आकडे बहुधा विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून किंवा कन्सल्टन्सीच्या ऑफिसात मिळतात. तुमचा प्रवेश व्हावा ही दोघांचीही गरज असते. अमेरिकी शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोरकार्ड'ला तशी गरज नाही. हे संकेतस्थळ सध्याच्या रूपात २०१५ पासून सुरू आहे, फुकट आहे, नोंदणी लागत नाही आणि २०१९ पासून त्यावर विषयवार कमाई आणि कर्ज दिसतं. कमाईचे आकडे करखात्याच्या नोंदींवरून येतात. त्यामुळे चांगला पगार मिळालेल्यांनीच फॉर्म भरला, असा प्रकार इथे होत नाही.

वापरायला सोपं आहे, पण एक पायरी हमखास चुकते. विद्यापीठाच्या पानावर 'फील्ड्स ऑफ स्टडी' उघडून सगळे विषय दाखवायला सांगा आणि पदवीच्या जागी 'मास्टर्स' निवडा. ते राहिलं तर बीएचे आकडे एमएचे समजून घरी हिशोब मांडला जातो. आपला विषय 'इंटरनॅशनल रिलेशन्स अँड नॅशनल सिक्युरिटी स्टडीज' या नावाखाली, विषयांच्या सरकारी वर्गीकरणातल्या ४५.०९ या कोडवर असतो. तिथे नसेल तर ३०.२० (ग्लोबल स्टडीज) किंवा ४४.०५ (पब्लिक पॉलिसी) पाहा. एकाच धाटणीची पदवी दोन विद्यापीठं वेगवेगळ्या कोडखाली नोंदवतात. तुमच्या कोर्सचा कोड आय-ट्वेंटीवर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मवर) छापलेला असतो, पण तो हातात येईपर्यंत थांबू नका, विभागाला ई-मेल करून आधीच विचारा.

आकडा दिसला की तो कोणाचा, हे पाहायचं. कमाईत फक्त अमेरिकी सरकारी शिक्षणसाहाय्य घेतलेले विद्यार्थी मोजतात. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना हे साहाय्य मिळतच नाही, म्हणजे पुण्या-नागपूरहून गेलेला एकही विद्यार्थी त्या आकड्यात नसतो. कर्जाच्या रकान्यातही फक्त सरकारी कर्ज, आणि तेही कर्ज घेतलेल्यांचंच. ज्यांनी कर्ज घेतलंच नाही ते त्यात नाहीत, खासगी कर्जही नाही.

बहुतेक विषयांत एवढ्याने फार बिघडत नाही, या विषयात बिघडतं. इंटरनॅशनल रिलेशन्स शिकलेले अमेरिकी पदवीधर मोठ्या संख्येने परराष्ट्र खातं, संरक्षण खातं आणि त्यांच्या कंत्राटदार कंपन्यांकडे जातात. तिथे नागरिकत्व लागतं, बऱ्याच जागांना सिक्युरिटी क्लिअरन्सही (गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी). वॉशिंग्टनमधल्या एखाद्या कोर्सची कमाई घसघशीत दिसते ती याच नोकऱ्यांच्या जोरावर, आणि त्या भारतीय पासपोर्टला बंद आहेत.

भर म्हणजे ४५.०९ मधला ४५.०९०१ हा इंटरनॅशनल रिलेशन्सचा कोड स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) सरकारी यादीत नाही. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर एफ-वनवरच नोकरी करण्याची मुभा, १२ महिन्यांची मिळते, पुढची २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. इकॉनॉमेट्रिक्सकडे (संख्याशास्त्रीय अर्थशास्त्राकडे) झुकलेला, ४५.०६०३ कोडचा कोर्स असेल तर ती मिळते. नाहीतर वर्षभरात उरतात ते मार्ग म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, लॉटरीतून सूट असलेली विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था, किंवा जागतिक बँकेसारखी, जिच्या कर्मचाऱ्यांना जी-फोर व्हिसा मिळतो अशी आंतरराष्ट्रीय संस्था.

आता हप्ता, कारण स्कोरकार्डवरचा मासिक हप्ता अमेरिकी सरकारी कर्जाचा आहे. समजा ४० लाखांचं कर्ज १०.५ टक्क्यांनी घेतलं, २० लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि २० लाख दुसऱ्या वर्षाच्या. दोन वर्षांचा कोर्स आणि पुढे वर्षभर हप्ता न भरण्याची सवलत, एवढ्या काळात सरळव्याजाने १०.५ लाख चढतात. फेड सुरू होते ५०.५ लाखांवर. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे ६८ हजार, एकूण परतफेड ८२ लाखांच्या आसपास. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ५६ हजारांवर येतो, पण परतफेड एक कोटीवर जाते. दिल्लीतल्या थिंक टँकमध्ये नव्या संशोधन सहायकाचा अख्खा पगारही अनेकदा एवढा नसतो. साडेसात लाखांपुढे बँक सहसा तारण मागते, म्हणजे आईवडिलांचं राहतं घर. (भारतीय परराष्ट्र सेवेसाठी, म्हणजे आयएफएससाठी, ही पदवी लागत नाही. यूपीएससीला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो.)

न्यू जर्सीत वाढलेल्या, नागरिक असलेल्या मराठी मुलांना मात्र हे आकडे बरेच लागू पडतात. त्यांनी कर्जाचा रकाना जपून वाचावा, कारण तो जुन्या तुकड्यांचा आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, आणि अशा एमएला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर. फी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम खासगी कर्जातून काढावी लागेल आणि ती स्कोरकार्डवर कधीच दिसणार नाही.

कमाईच्या जागी काहीच आकडा नसेल तर कोर्स वाईट ठरत नाही. पदवीधर थोडे असले की गोपनीयतेसाठी आकडा झाकतात, आणि या विषयात असे कोर्स पुष्कळ. स्कोरकार्डला माझे गुण: अमेरिकी नागरिकांसाठी पाचपैकी साडेचार, एफ-वनवाल्यांसाठी दोन. ते दोन गुणही एकाच कोडच्या दोन विद्यापीठांची तुलना करता येते म्हणून. बाकीचं विभागाकडूनच काढून घ्यावं लागतं: गेल्या तीन तुकड्यांतले अमेरिकी नागरिक नसलेले विद्यार्थी ओपीटी संपल्यावर कुठे आहेत, याची संस्थांच्या नावांसह यादी लेखी मागा, आणि ती प्रवेशाचं डिपॉझिट भरण्याआधी मागा.